मॅलकीची खिडकी

शनिवारचा पेपर आणि पाव आणायला फिंटन डेलहंट सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, तेव्हा गल्ल्यावर हॅना कोडी होती. हॅना म्हणजे त्याच्या शेजारचीच. तिने पेपर पुढे सरकवला, पाव कागदात गुंडाळून दिला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आज संध्याकाळी चर्चमध्ये मॅलकीला जाऊन महिना झाल्याची मिस्सा ना? आम्ही सगळे येतोय हं."

"या की," फिंटन म्हणाला. "चर्च काही माझ्या मालकीचं नाही."

हॅनाने ते मनावर घेतलं नाही. भाऊ गेल्यापासून फिंटन तुसडा झालाय असं गावाने ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर तो आधीपासूनच तुसडा होता. फक्त आधी दोघे भाऊ तुसडे होते, त्यामुळे तुसडेपणा दोघांच्या नावावर सारखा मांडला जायचा. आता सगळा त्याच्या एकट्याच्या अंगावर आला.

दोघांनीही लग्न केलं नाही. आईबाप गेल्यावर त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात, लोखंडी चुलीच्या उबेला दोन खुर्च्या टाकून ते म्हातारे झाले. खुर्च्यांसमोर टीव्ही, आणि टीव्हीच्या मागे घरातली एकुलती एक मोठी खिडकी. आमच्या भागात पावसाचं आणि रेसचं वेड अंगात भिनलेलं असतं; पण रेसकोर्सवर जाऊन चिखल तुडवणं या भावांनी केव्हाच सोडलं होतं. शनिवारी दुपारी दार लावायचं, चुलीत पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटा रचायच्या, चहाची किटली भरून ठेवायची आणि घरबसल्या घोड्यांवर पैसे लावायचे. रक्कम कधी पाच युरोच्या वर गेली नाही. पण चेहरे असे, की घर गहाण पडलंय असं वाटावं.

कामाची वाटणी ठरलेली होती. पेन्सिल मॅलकीकडे, फोन फिंटनकडे. घोडा कोणता हे मॅलकी ठरवणार, जमीन ओली की सुकी हे मॅलकी सांगणार, आणि फिंटनने बुकीच्या ऑफिसला फोन करून ते नाव पोपटासारखं म्हणायचं. मॅलकी खुर्चीतून मागून ओरडायचा, "दोन्हीकडे लाव रे!" म्हणजे घोडा पहिला आला तरी पैसे, दुसरा-तिसरा आला तरी थोडे पैसे. सबंध आयुष्यात मॅलकीने घोड्याला नुसतं जिंकायला लावलं नाही. आणि फिंटनने एखादं नाव सुचवलंच, तर तो चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "नाव गोड आहे म्हणून घोडा पळत नसतो, बाळा."

बाळा! साठी उलटलेल्या माणसाला!

तर त्याच खुर्चीत, एका शनिवारी, रेस चालू असताना मॅलकीचं हृदय थांबलं. त्यानंतर महिनाभर, मोठी बहीण ब्रीड हिच्या धाकाने, टीव्ही बंद होता. सुतक संपायला संध्याकाळची मिस्सा व्हायची होती. पण नॅव्हनच्या रेस दुपारी होत्या, आणि ब्रीड त्याला न्यायला गाडी घेऊन येणार होती ती अंधार पडताना. मधल्या वेळात कोण बघायला येतंय? फिंटनने पेपर उलगडला, पेन्सिल स्वतःच्या हातात घेतली आणि ठरवलं, की आज एक तरी घोडा माझा स्वतःचा जिंकला पाहिजे. फक्त माझा. पैशाला कोण विचारतो? मॅलकीशिवाय आपल्याला काडीचं कळत नाही, हे त्याला खोटं ठरवायचं होतं.

पहिल्या रेसला त्याने 'लेट हार्वेस्ट' नावाचा घोडा निवडला आणि फोन लावला. शनिवारी पलीकडे ओर्ला नावाची मुलगी असायची. तिने कधी या भावांना पाहिलं नव्हतं, पण आवाज पाठ होते.

"मिस्टर डेलहंट! अहो, कुठे गायब होतात महिनाभर? मला वाटलं सुधारलात की काय."

फिंटन नुसता हुंकारला. मॅलकी गेल्याचं त्याने ऑफिसला कळवलं नव्हतं. खातं दोघांच्या नावावर होतं; कळवलं तर खातं बंद करून सतरा कागद मागतील, ही भीती. "लेट हार्वेस्ट. पाच युरो. जिंकायला."

ओर्लाने नियमाप्रमाणे डाव परत वाचून दाखवला. "लेट हार्वेस्ट, पाच युरो, दोन्हीकडे. बरोबर?"

"दोन्हीकडे नाही. जिंकायला."

"आत्ता तर म्हणालात दोन्हीकडे... बरं, 'बरोबर' आलंय तुमच्याकडून, लागला डाव. ऑल द बेस्ट हं दोघांना!"

फोन बंद झाला. फिंटन चरफडला. आजकालच्या पोरी, कानात बोळे घालून बसतात! टीव्हीवरचा समालोचक बडबडत होता, त्याचंच काहीतरी तिला ऐकू गेलं असणार. घोडे सुटले. लेट हार्वेस्ट शेवटच्या अडथळ्यापर्यंत पुढे होता, आणि तिथून कोणीतरी शेपूट धरून ओढावी तसा मागे पडत दुसरा आला.

दुसरा. म्हणजे दोन्हीकडे लावल्यामुळे चार पैसे परत. अगदी मॅलकी छाप कमाई. फिंटनने पेन्सिल टेबलावर आपटली. हरला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या रेसला त्याने आधी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. घरात एकदम शांतता पसरली. चुलीतली वीट ढासळल्याचा मऊ आवाज आला. बाहेर नोव्हेंबरचं मळकट आभाळ खाली आलं होतं, बीटाच्या शेतांवर धुकं बसलं होतं, आणि खिडकीच्या काचेवर ओल धरली होती. त्याने फोन लावला. एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याला सांगावं तसं तो म्हणाला, "टिंकर्स मून. पाच युरो. फक्त जिंकायला."

पलीकडे ओर्ला कोणाचं तरी ऐकत होती. मग ती हसली. "बरं बाबा, भांडू नका. 'ग्रे फ्रायर', पाच युरो, दोन्हीकडे. झाला डाव."

"मी टिंकर्स मून म्हणालो!"

"हो, तुम्ही म्हणालात. पण मॅलकी म्हणाले ना मागून, की ओल्या जमिनीत तो काही कामाचा नाही, करडा घोडा घे म्हणून. आणि मी वाचून दाखवल्यावर 'बरोबर' तेच म्हणाले. खातं दोघांचं आहे, मिस्टर डेलहंट, मी कोणाचंही ऐकू शकते." आणि मग जरा काळजीने, "बरे आहेत ना ते? आवाज फार खोल गेलाय त्यांचा... सर्दी झालीय का?"

फिंटनने फोन ठेवला. हळूच ठेवला, फुटेल या भीतीने.

शेजारच्या खुर्चीकडे बघायला त्याला बराच वेळ लागला. खुर्ची होती तशीच होती. मॅलकीच्या पाठीने पडलेला खळगा, हातावरचं कापड विरलेलं. तिच्यात कोणी नव्हतं. पण वास होता. मॅलकीचे गुडघे धरायचे, आणि डॉक्टरचं औषध सोडून तो घोड्यांच्या पायाला चोळायचं मलम स्वतःच्या गुडघ्यांना चोळायचा. कापूर, टर्पेंटाइन आणि तबेला यांचा मिळून तो वास असे. अंत्यसंस्कारानंतर ब्रीडने घर सोड्याच्या पाण्याने धुऊन काढलं होतं. आता तो वास ताजा होता, नुकतीच डबी उघडावी तसा.

टीव्हीवर घोडे आवाजाशिवाय पळत होते. ग्रे फ्रायर जिंकला. मधे दोन घोडे मावतील एवढ्या अंतराने जिंकला.

आता इथे दुसऱ्या कोणाची पाचावर धारण बसली असती. फिंटनचीही बसली, नाही असं नाही. पण भीतीच्याही आधी त्याचा तिळपापड झाला. मेला तरी याचंच खरं! मातीत घातला, पाद्रीने पाणी शिंपडलं, गावाने हॅम सँडविच खाऊन संपवली, आणि तरी पेन्सिल याच्याच हातात!

"मॅलकी..." तो कुजबुजला. "आहेस का रे?"

चुलीवर किटलीचं झाकण हललं. बाकी काही नाही.

त्याने ब्रीडला फोन केला. ब्रीड त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, आणि कोणाचं ऐकून घेण्याची तिला सवय नव्हती. तिने मात्र हे सगळं न हसता ऐकलं. रेसचं ऐकून शिवी दिली नाही, तेव्हाच फिंटनला समजलं की प्रकरण गंभीर आहे.

"फिंटन," ती म्हणाली, "तो गेला तेव्हा खिडकी उघडली होती ना?"

"हॅना आली होती लगेच. तिने उघडली."

"मग?"

फिंटनने पेपरची घडी घातली.

"मग काय झालं, फिंटन?"

"पडदा उडत होता," तो म्हणाला. "टीव्हीवर येत होता सारखा. हॅना डॉक्टरांना फोन करायला गेली, आणि रेस... शेवटच्या वळणावर आली होती. मॅलकीचाच घोडा पुढे होता गं. म्हटलं, त्याच्यासाठी तरी बघावी. म्हणून जरा... लावून घेतली."

आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक असतं. घरात माणूस गेलं, की आधी खिडकी उघडायची आणि जाणाऱ्याला वाट मोकळी ठेवायची. मधे उभं राहायचं नाही. तो निघून गेला, असं वाटेपर्यंत ती लावायची नाही.

"गाढवा," ब्रीड हळू आवाजात म्हणाली. "भावाला कोंडून ठेवलंस तू. रेससाठी!... आता नीट ऐक. आज महिना भरतो. मिस्सेच्या आत खिडकी उघड. त्याला नीट निरोप दे, चांगल्या शब्दांत. आज नाही गेला तर मग तो कायमचा त्या घराचा झाला. आणि दिवेलागणीच्या आत खिडकी बंद कर. कळलं? अंधार पडायच्या आत."

"अंधाराचं काय?"

"एकाला बाहेर जाता येतं तिथून दुसऱ्याला आतही येता येतं, फिंटन. मला जास्त बोलायला लावू नकोस. मी येतेच आहे."

फिंटन खिडकीकडे बघत बसला. उठून उघडायची, एवढंच तर होतं. पण उठवेना. कारण रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते त्याला आवडत नव्हतं. महिनाभर तो एकटाच जेवला होता. महिनाभर कोणी त्याला बाळा म्हटलं नव्हतं. मलमाचा तो घाणेरडा वास नाकात गेला तेव्हा भीती वाटली, हे खरं. पण त्याच भीतीत थोडा आनंदही होता. राहू दे की म्हातारा. कोणाला त्रास देतोय? एका खुर्चीत तर बसणार.

तिसऱ्या रेसला त्याने फोन लावला तो जवळजवळ मऊपणाने. "ओर्ला, मुली, एक कर. या वेळी फक्त माझं ऐक. 'बिशप्स हॅट'. जिंकायला."

"मॅलकी काहीतरी म्हणतायत..."

"म्हणू दे. माझं लाव."

"लावला. बरोबर?"

"बरोबर."

ओर्ला हसत होती. "अहो, ते केवढे हसतायत मागे! म्हणतात, नाव गोड आहे म्हणून घोडा पळत नसतो... काय ते, बाळा की काय म्हणाले तुम्हाला."

बिशप्स हॅट मात्र पळाला. सगळी रेस पुढे राहून पळाला. फिंटन खुर्चीतून अर्धा उठला, त्याच्या मुठी वळल्या. शेवटच्या अडथळ्याला घोडा सगळ्यांच्या कितीतरी पुढे होता. तिथे समोर काहीही नसताना, कोणीतरी नावाने हाक मारल्यासारखी त्याने मान वळवली. आणि तो पडला. जॉकी गवतावर लोळत गेला. घोडा उठून उभा राहिला, धडधाकट, आणि वेड्यासारखा आजूबाजूला बघू लागला.

खोलीत मलमाचा वास इतका दाटला की डोळ्यांत पाणी आलं. फिंटनला काही ऐकू आलं नाही. पण शेजारच्या खुर्चीच्या स्प्रिंगा बारीक, लयीत कुरकुरत होत्या. पोट धरून हसणारा माणूस बसला की कुरकुरतात तशा.

फिंटनचा बांध फुटला. त्याने पेपर भिरकावला, पेन्सिल मोडली, टीव्हीच्या मागे घुसून खिडकीचा खालचा भाग दोन्ही हातांनी वर ढकलला. ओलीने फुगून घट्ट बसलेली खिडकी किंचाळत वर गेली. बाहेरचं धुकं, ओल्या मातीचा आणि बीटाचा वास, सगळं एकदम आत आलं.

"जा!" तो खुर्चीकडे वळून ओरडला. "जा म्हणतो ना! सगळा जन्म तू माझ्या मानेवर बसलास. ऊठ आणि चालता हो! नको आहेस मला तू इथे!"

ब्रीडने चांगल्या शब्दांत निरोप दे म्हणून सांगितलं होतं. हे त्याला बोलून झाल्यावर आठवलं.

तो भिंतीला चिकटून वाटेतून बाजूला झाला. काही क्षण काहीच घडलं नाही. मग खुर्चीच्या स्प्रिंगा एकदाच, सावकाश वाजल्या. वारा आत येत होता, पडदा आतल्या बाजूला फुगला होता. तो फुगलेला पडदा वाऱ्याच्या विरुद्ध वळला, चौकटीबाहेर गेला, आणि परत आला. मलमाचा वास विरळ होत होत नाहीसा झाला. घर थंड पडलं.

त्याने लगेच ओर्लाला फोन केला, अंगातला राग थंड व्हायच्या आत. "शेवटची रेस. 'कॉपर केटल'. जिंकायला." नाव आवडलं म्हणूनच निवडलं होतं, आणि तो हे आता कोणालाही सांगायला तयार होता.

"कॉपर केटल, पाच युरो, जिंकायला. बरोबर?" ओर्ला थांबली. "मॅलकी कुठे गेले? एकदम शांत झालंय तुमच्याकडे."

"बाहेर गेलाय," फिंटन म्हणाला. "बरोबर."

शेवटची रेस वेळेवर सुटली असती तर ही गोष्ट सांगायला मी बसलो नसतो. पण सुरुवातीच्या रेषेवर एक घोडा जॉकीला पाडून सुटला आणि मैदानभर उधळला. त्याला धरायला माणसं धावली. तो त्यांना चुकवून पुन्हा सुटला. फिंटन खुर्चीच्या टोकाशी बसून हात चोळत होता. बाहेर शेतं काळवंडू लागली होती. खिडकी लावायला हवी, हे त्याच्या डोक्यात होतं. एकदा तो उठलाही. पण रेसवर पैसे लावणाऱ्या माणसाचा एक धर्म असतो, आणि तो चर्चच्या धर्माहून कडक असतो. नशीब वळलं, की ज्या जागी वळलं तिथून हलायचं नाही. टोपी काढली असेल तर घालायची नाही, चहा गार झाला असेल तर प्यायचा नाही. आणि खिडकी उघडल्यावर नशीब वळलं असेल, तर मेलं तरी ती लावायची नाही.

तो परत बसला. एवढी रेस होऊ दे.

घोडा सापडला. रेस सुटली. अंधुक उजेडात जॉकींचे रंग ओळखू येत नव्हते. शेवटच्या टप्प्यात दोन घोडे नाकाला नाक लावून आले आणि समालोचक ओरडला, "फोटो!" फिंटनने डोक्यावर हात मारून घेतला. फोटोची वाट बघण्यात काही वेळ गेला. फोटोत कॉपर केटल जिंकल्याचं आलं, तेवढ्यात पंचांनी चौकशी लावली. म्हणे, त्याने दुसऱ्याला धक्का दिला का ते तपासायचंय. आता या पंचांना काय घरी चूल पेटवायची नव्हती? तपासतायत आणि तपासतायत! टीव्हीवर तीच धावपळ मागून, पुढून, हळू करून दाखवत होते. फिंटन शिव्या घालत होता, हलत मात्र नव्हता. खिडकीबाहेर हॅनाच्या घरातला दिवा लागला. मग शेत दिसेनासं झालं. मग कुंपण.

निकाल आला. कॉपर केटल, कायम.

"जिंकला!" फिंटन ओरडला. "जिंकायला लावला आणि जिंकला! बघ म्हाताऱ्या, बघ..."

तो शेजारच्या खुर्चीकडे वळला होता.

तिथे कोणी नव्हतं. दुपारीही नव्हतं, पण दुपारचं नसणं वेगळं होतं. आता ती फक्त एक जुनी, बसकी खुर्ची होती. सबंध आयुष्यात पहिल्यांदा त्याचा घोडा जिंकला होता आणि ते ज्याला दाखवायचं त्याला त्याने शिव्या घालून हाकलला होता. फिंटनला रडू आलं. तो रडला, आणि मग कुडकुडत उठून त्याने खिडकी खाली ओढली. बाहेर मिट्ट अंधार झाला होता.

खिडकी लावल्यावर घर ऊबदार व्हायला हवं होतं. झालं नाही. चूल लाल होती, पण ऊब हातापर्यंत येत नव्हती, मधे कोणी उभं असल्यासारखी. वासही बदलला होता. खणलेल्या मातीचा, साचलेल्या पाण्याचा, भिजून पडून राहिलेल्या लोकरीचा. त्याच्या ओळखीचा नव्हता.

दिवा लावायच्याही आधी त्याने फोन लावला. कोणाचा तरी आवाज हवा होता.

"अभिनंदन!" ओर्ला ओरडली. "पाहिलं मी! शेवटी जिंकलात... अगंबाई, पाहुणे आलेत वाटतं?"

"कोणते पाहुणे?"

"केवढी गर्दी आहे मागे. मिस्सेला आलेत का सगळे? मला तुमचा आवाज नीट येत नाहीये... जरा त्यांना हळू बोलायला सांगा ना."

घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"ओर्ला," तो म्हणाला, "नीट ऐक. त्यांच्यात मॅलकी आहे का?"

"अहो, तुमच्या घरातले..."

"मॅलकी आहे का त्यात? तुला त्याचा आवाज ठाऊक आहे. ऐक आणि सांग."

ती ऐकत होती. बराच वेळ. बोलली तेव्हा तिच्या आवाजातलं हसू गेलेलं होतं.

"नाही... ते नाहीत. बायका आहेत. एक म्हातारा आहे, तो कुठली भाषा बोलतोय कळत नाही... कोणीतरी लहान मूलही आहे, मिस्टर डेलहंट, ते सारखं विचारतंय..."

"काय विचारतंय?"

"की हे घर आता आपलं ना म्हणून."

बाहेर गाडी थांबली. दार उघडून ब्रीड आत आली, अंगात काळा कोट, हातात मिस्सेचं पुस्तक. तिने भिंतीवरचं बटण दाबलं. उजेडात फक्त दोन खुर्च्या होत्या, फरशीवर पेपर, मोडलेली पेन्सिल, आणि फोन छातीशी धरलेला तिचा भाऊ.

"गेला?" तिने विचारलं.

"गेला."

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "सुटला बिचारा. आणि खिडकी? वेळेत लावलीस ना?"

"हो," फिंटन म्हणाला.

त्याने कोट घातला. ब्रीडने टीव्ही बंद केला, चुलीचं झाकण लावलं, दिवा घालवला, आणि दोघं अंगणात आली. धुकं गुडघ्यापर्यंत होतं. दार ओढून घ्यायला ब्रीडने मागे हात केला, तेवढ्यात ते तिच्या हाताखालून निसटलं आणि आपणहून लागलं. आपटलं नाही. घरचं माणूस पाहुण्याला निरोप देऊन लावतं तसं, हळू. आणि मग आतली जड, लोखंडी कडी सरकल्याचा आवाज आला, जी रात्री झोपताना मॅलकी लावायचा आणि जी बाहेरून लावता येत नाही.

ब्रीड दाराकडे बघत राहिली. तिने फिंटनचा दंड धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

"फिंटन..." ती कुजबुजली. "आत कोण आहे?"

"मॅलकी नाहीये गं," तो म्हणाला. "एवढंच ठाऊक आहे मला."